‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ : बांधावरचं गाणं आणि त्यातून गळालेली एक ओळ

अनवट
१८ जून, रात्री १०:४०

गेले तीन आठवडे एकच गाणं कानात बसलंय. इथे ब्लूजवर, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांवर, अधूनमधून लिहिलं जातं, पण या गाण्यावर स्वतंत्र धागा दिसला नाही, म्हणून काढतोय. आजची तारीखही त्याचीच आहे.

‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, म्हणजे ‘बांध फुटेल तेव्हा’, म्हटलं की बहुतेकांना लेड झेपलिन हा इंग्लिश रॉक बँड आठवतो. १९७१ सालचा चौथा अल्बम, त्यातलं शेवटचं गाणं, सात मिनिटांचं, आणि सुरुवातीलाच छातीवर येणारे ते ड्रम. मीही कॉलेजात असताना त्याच दारातून आत शिरलो. हे गाणं मुळात त्यांचं नाही हे कळायला पुढची कितीतरी वर्षं गेली.

मूळ गाणं १८ जून १९२९ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीने ध्वनिमुद्रित केलं. ७८ आरपीएमची तबकडी, क्रमांक १४४३९-डी. कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी कंपन्या तेव्हा वेगळी मालिका काढायच्या, ‘रेस रेकॉर्ड्‌स’ म्हणायचे त्याला; त्यातली ही एक. लेबलवर दोन नावं आहेत, कॅन्सस जो आणि मेम्फिस मिनी. हे नवरा-बायको. मेम्फिसच्या बील स्ट्रीटवर एका न्हाव्याच्या दुकानात दहा-दहा सेंटांसाठी वाजवत होते, तिथे कंपनीच्या माणसाने त्यांना ऐकलं आणि न्यूयॉर्कला बोलावलं. त्याच खेपेत हे गाणं झालं.

गातो जो, पण ऐकत राहावं ते मिनीच्या गिटारला. जो तालाचं काम बघतो, झणझण सरळ. मिनी बोटांनी तारा छेडते आणि त्याची ओळ संपली रे संपली की मधल्या जागेत एक छोटी हरकत टाकून पुढच्या ओळीच्या आधी परत जागेवर येते. मी हेडफोन लावून फक्त त्या मधल्या जागा ऐकल्या. प्रत्येक वेळी ती थोडं वेगळं वाजवते. गाणं पुराचं आहे, पण चाल रडकी नाही. पाय हलतो. जोचा आवाजही शांत, शेजारच्याला काही सांगावं तसा.

आता पूर कोणता, ते. १९२७ सालचा मिसिसिपीचा महापूर. १९२६ च्या उन्हाळ्याअखेरपासून पाऊस थांबलाच नव्हता. २१ एप्रिल १९२७ ला ग्रीनव्हिल गावाच्या उत्तरेला माउंड्‌स लँडिंग इथे नदीकाठचा बांध फुटला. त्या हंगामात एकूण सुमारे २७,००० चौरस मैल मुलूख पाण्याखाली गेला आणि सहा लाखांहून अधिक माणसं बेघर झाली. मिसिसिपीच्या त्या भागात कापसाच्या मळ्यांवर राबणारी बहुतेक माणसं कृष्णवर्णीय होती. बांधावर मातीच्या गोण्या टाकायला त्यांनाच उभं केलं होतं, वर बंदूकधारी पहारा. बांध फुटल्यावर ग्रीनव्हिलचे सुमारे १३,००० कृष्णवर्णीय लोक त्याच बांधाच्या माथ्यावर अडकले. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला बुडालेलं गाव, मध्ये ती मातीची चिंचोळी पट्टी. त्यांना न्यायला बोटी आल्या होत्या. ३३ गोऱ्या बायका-मुलांना घेऊन बोटी परत गेल्या. मळेवाल्यांना धास्ती होती की हे मजूर एकदा बाहेर पडले तर परत यायचे नाहीत. मग त्याच माणसांच्या गळ्यात बिल्ले अडकवून त्यांच्याकडून मदतीच्या मालाची हमाली करून घेतली. बिल्ला नाही तर रेशन नाही. जुलैमध्ये जेम्स गुडन नावाच्या माणसाने कामावर यायला नकार दिला, तर पोलिसाने त्याला गोळी घातली.

हे वाचलं आणि मग पुन्हा १९२९ ची तबकडी लावली. तेव्हा एक ओळ पहिल्यांदा नीट ऐकू आली. जो म्हणतो, मी बांधावर रात्रंदिवस राबतो, पाणी थोपवायला मला कोणी नाही. ही ओळ थोडी बदलून तो दोनदा म्हणतो. झेपलिनच्या सात मिनिटांत ती एकदाही येत नाही. पाऊस आहे, बांध आहे, रडून-प्रार्थना करून उपयोग नाही हेही आहे. राबणं तेवढं नाही.

मला वाटतं, या एका ओळीमुळे ही दोन वेगळी गाणी होतात. एकात माणूस बांधावर आहे, दुसऱ्यात तो पूर बघतोय. तुम्हाला काय वाटतं ते वाचायचं आहे.

मृदंगी
१८ जून, रात्री ११:२५

सुंदर लिहिलंय. मी मूळ पखवाजवाला, नंतर ड्रमकडे वळलो, त्यामुळे माझं दार झेपलिनचंच. त्या ठेक्याबद्दल चार ओळी लिहितो.

इंग्लंडमध्ये हॅम्पशर परगण्यात हेडली ग्रेंज नावाचं जुनं घर आहे. तिथे हे रेकॉर्डिंग झालं, बाहेर अंगणात रोलिंग स्टोन्स या बँडचा फिरता स्टुडिओ उभा करून. झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनम याचा ड्रमसंच खाली प्रवेशदालनात, जिन्याच्या पायथ्याशी मांडला. अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकाने वरच्या मजल्याच्या कठड्यावरून फक्त दोन माइक खाली सोडले. ड्रमच्या तोंडाशी एकही नाही. म्हणजे तुम्ही ऐकता तो ड्रमपेक्षा त्या जिन्याचा आवाज आहे, भिंतींवर आपटून वर चढलेला. त्यावर बिनसन नावाच्या इटालियन यंत्राचा प्रतिध्वनी, आणि वर सगळा ट्रॅक थोडा संथ केलेला. त्यामुळे प्रत्येक घाव ओल्या मातीत रुतल्यासारखा पडतो.

वाजवायला सोपा वाटतो, आणि तिथेच फसतो माणूस. बॉनम समेवर घाई करत नाही. पायाचे दोन ठोके जवळजवळ टाकतो आणि मग हाताच्या घावाला किंचित उशिरा येतो. आमच्या गुरुजींचा शब्द वापरायचा तर ‘ठाय लयीत श्वास मोजावा लागतो’, ठाय म्हणजे संथ. मी विद्यार्थ्यांना हा ठेका दहा मिनिटं सलग वाजवायला देतो. तिसऱ्या मिनिटाला सगळे पळायला लागतात.

आणखी एक. हेडली ग्रेंज हे १७९५ मध्ये बांधलेलं अनाथ-गरिबांचं कामघर होतं. निराधारांना आत ठेवायचं आणि राबवून घ्यायचं. १८३० मध्ये आसपासच्या शेतमजुरांनी तिथे दंगाही केला होता. तुमची ती गळालेली ओळ वाचली आणि हे घर आठवलं.

खाडीकाठ
१९ जून, सकाळी ७:१०

आधी एका शब्दाबद्दल. ‘लेव्ही’ला बरेच जण ‘धरण’ म्हणतात, ते चूक. धरण नदी अडवतं, आडवं असतं. लेव्ही नदीला समांतर जातो, काठाकाठाने, पाणी शेतात येऊ नये म्हणून. आमच्याकडे खाडीच्या काठाला खाजणात जो मातीचा बांध असतो ना, तोच. आत भातशेती, बाहेर खारं पाणी. गोव्यापासून वर रायगडपर्यंत सगळीकडे आहेत. आणि तो फुटला तर ‘फुटला’ म्हणत नाहीत, ‘खांड पडली’ म्हणतात. अनवट, तुम्ही ‘बांध’ लिहिलंत ते बरं केलंत.

वडिलांना गाण्याचं नाव सांगितलं, तर ते म्हणाले, ‘लेव्हीची ज्वारी?’ त्यांच्या पिढीला लेव्ही म्हणजे सरकारला घालायचं धान्य.

रेकॉर्डवाला
१९ जून, सकाळी ९:०५

त्या पुरावर गाण्यांची रांगच आहे. ब्लाइंड लेमन जेफरसनचं ‘रायझिंग हाय वॉटर ब्लूज’ १९२७ चंच. चार्ली पॅटनचं ‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’ १९२९ चं. ते तबकडीच्या दोन्ही बाजूंवर आहे, कारण एका बाजूत मावेना. पॅटन गावांची नावं घेत जातो, इथे गेलो, तिथेही पाणी, पुढे गेलो, तिथेही पाणी. जो-मिनीच्या गाण्याच्या अगदी उलट स्वभाव. पॅटन ओरडतो, गिटारच्या लाकडावर थापा मारतो. दोन्ही सलग ऐकाच.

बेसी स्मिथचं ‘बॅकवॉटर ब्लूज’ही याच पुराचं ना?

शोधक
१९ जून, सकाळी १०:३०

@रेकॉर्डवाला, नाही. सगळीकडे तसं लिहिलेलं असतं, पण तारखा जुळत नाहीत. बेसी स्मिथने ते १७ फेब्रुवारी १९२७ ला गायलं आणि माउंड्‌स लँडिंगचा बांध त्यानंतर दोन महिन्यांनी गेला. ते गाणं १९२६ च्या नाताळात नॅशव्हिलला कंबरलँड नदीला आलेल्या पुरावरून आहे. पण तबकडी दुकानांत असतानाच मोठा पूर आला, आणि लोकांनी ते आपलंच मानलं. गाणं आधी, पूर नंतर.

रेकॉर्डवाला
१९ जून, सकाळी १०:४२

धन्यवाद, वर्षानुवर्षं चुकीचं सांगत होतो. वहीत दुरुस्त केलं.

बांधकामी
१९ जून, दुपारी १:१५

जलसंपदा खात्यात आयुष्य गेलं, म्हणून ‘रात्रंदिवस राबतो’ म्हणजे नेमकं काय, ते लिहितो. अनवट यांच्या मुद्द्याला ते लागून आहे.

पूर चढला की मातीचा बांध तीन तऱ्हांनी जातो. पाणी माथ्यावरून ओसंडतं. लाटा पाण्याकडची बाजू खात जातात. आणि तिसरी तऱ्हा सगळ्यात फसवी. नदीचं पाणी बांधाच्या पोटाखालून वाळूच्या थरातून झिरपतं आणि कोरड्या बाजूला, पायथ्यापासून काही अंतरावर, जमिनीतून उकळी फुटल्यासारखं वर येतं. तिकडे त्याला ‘सँड बॉइल’ म्हणतात. पाणी स्वच्छ येत असेल तर एकवेळ चालेल. गढूळ यायला लागलं, सोबत वाळू यायला लागली, की समजायचं बांध खालून पोखरला जातोय.

नवखा माणूस ते भोक बुजवायला धावतो. ते करायचं नसतं. बुजवलं तर दाब दुसरीकडून फुटतो. उकळीभोवती गोण्यांचं गोल कडं रचायचं, विहिरीच्या काठासारखं, आणि आत पाणी वर चढू द्यायचं. आतल्या पाण्याची उंची वाढली की खालच्या दाबाला उलटा दाब मिळतो आणि वाळू यायची थांबते. कडं किती उंच करायचं ते त्या पाण्याच्या रंगावरून ठरवायचं. रात्री हे काम कंदिलाच्या उजेडात, पावसात, गुडघाभर चिखलात. मैलोन्‌मैल बांधावर अशा उकळ्या शोधत फिरायचं. एक राहिली तरी संपलं.

हे मी स्वतः लहान प्रमाणावर केलेलं आहे. त्यामुळे ‘रडून उपयोग नाही, प्रार्थनेने उपयोग नाही’ ही गाण्यातली ओळ मला निराशेची वाटत नाही. बांधावरचा मुकादम असंच बोलतो. हात चालवा, एवढाच तिचा अर्थ.

दोष मात्र त्या हातांचा नव्हता. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांचं दशकानुदशकं धोरण होतं की फक्त बांध बांधायचे. नदीच्या बाजूच्या नैसर्गिक वाटा बंद करायच्या, सगळं पाणी एकाच पात्रातून न्यायचं. पात्र आवळत गेलं तशी पुराची पातळी चढत गेली, मग बांध आणखी उंच, मग पातळी आणखी वर. १९२७ ने ते मोडून काढलं. १९२८ चा पूरनियंत्रण कायदा आला, नदीला जादा पाणी सोडायला वाटा ठेवल्या गेल्या. लुइझियानातला बोने कॅरे सांडवा त्यातूनच झाला.

लाटालहर
१९ जून, दुपारी ३:५०

मी थोडा वेगळा सूर लावते. झेपलिनने ती ओळ गाळली हे खरं, पण ब्लूजमध्ये कडवी अशीच फिरत राहतात. कुणी दोन उचलतं, कुणी एक टाकतं. जोने तरी सगळी ओळन्‌ओळ स्वतः रचली असेल का? ‘माझी बाई मला धार्जिणी नाही, मी जुन्या घरी परत चाललो’ हे त्याच्या गाण्यातलं कडवं शंभर गाण्यांत सापडेल. आणि झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट याने काही घातलंही आहे. शिकागोचं. दक्षिणेत काम नाही, शिकागोला चाललोय, तुला नेता येत नाही. १९२९ च्या तबकडीत शिकागो नाही. पण पुरानंतर खरोखर काय झालं? हजारो माणसं मळे सोडून उत्तरेला शिकागोला गेली. जो आणि मिनीही १९३० च्या सुमारास शिकागोलाच गेले. म्हणजे झेपलिनने गाण्याचा पुढचा अंक जोडला, असं मी म्हणेन. चाळीस वर्षांनी गाणाऱ्याला ते माहीत होतं, जोला तेव्हा माहीत असणं शक्य नव्हतं.

अनवट
१९ जून, रात्री ९:३०

लाटालहर, शिकागोचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता आणि तो पटला. ‘गळालेली’ लिहिलं तेव्हा मनात थोडा आरोपच होता, तो मागे घेतो. कडवी फिरतात, मान्य.

तरी बांधकामी काकांचं वाचल्यावर ती ओळ मला जास्तच लागायला लागली. तिथे ‘राबतो’ म्हणजे हे एवढं सगळं आहे. चौदा-सोळा तास गोण्या वाहायच्या, उकळ्या शोधायच्या, आणि ज्यांच्या जमिनी वाचवायच्या ते बंदूक घेऊन वर उभे. एका ओळीत मावलंय ते, कुठेही आवाज न चढवता. काका, पाण्याच्या रंगाचं तुम्ही लिहिलंत ते मी विसरणार नाही.

दक्षिणायन
१९ जून, रात्री ११:५५

मी मेम्फिसमध्ये राहते, नोकरीनिमित्त आठ वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मिनीची कबर बघायला गेले होते, त्याबद्दल लिहिते.

मेम्फिसहून दक्षिणेला हायवे ६१ धरला की थोड्याच वेळात मिसिसिपी राज्य लागतं आणि टेकड्या संपतात. एकदम सपाट. वॉल्स नावाचं छोटं गाव आहे. मिनीचं खरं नाव लिझी डग्लस, जन्म १८९७ चा, घरात सगळे ‘किड’ म्हणायचे. लहानपणी घरचे वॉल्सला आले आणि तिथून ती पळून पळून बील स्ट्रीटवर वाजवायला यायची. तिच्या भावजयीने पुढे सांगितलेलं आहे की १९२७ मध्ये बांध फुटला तेव्हा मिनी वॉल्सजवळच, त्यांच्यातच राहत होती. म्हणजे गातो जो, पण ते पाणी तिनेही जवळून पाहिलेलं.

न्यू होप बॅप्टिस्ट चर्चच्या मागे दफनभूमी आहे. भोवती शेतं. कापूस काढून झाला होता, पण काट्यांना पांढरे धागे अडकून राहिले होते. तिचा दगड मोठा आहे, त्यावर खरं नाव आणि ‘मेम्फिस मिनी’ हे गायिका म्हणून घेतलेलं नाव, दोन्ही. तो दगड १९९६ मध्ये बसवला, गायिका बॉनी रेटने त्याचे पैसे दिले. मिनी गेली १९७३ मध्ये. झेपलिनचा तो अल्बम आला तेव्हा ती मेम्फिसमध्ये होती, पक्षाघातामुळे चाकाच्या खुर्चीत, १९६० पासून. माझ्या आताच्या घरापासून फार लांब नाही. दगडावर कोणीतरी गिटारची नखी ठेवली होती, दोन-तीन नाणीही. मी सोबत काही नेलं नव्हतं. शेतातला एक कापसाचा बोंडका उचलून ठेवला.

तिथून पश्चिमेला नदीकडे गेलं की बांध दिसतो. आपण चित्रात भिंत आणतो, तसं नाही. गवताने झाकलेला लांबच लांब उतार, चढायला सोपा, माथ्यावर खडीचा एका गाडीचा रस्ता. वर उभं राहिलं तर नदीसुद्धा लगेच दिसत नाही, मध्ये झाडी आहे. एका बाजूला ती झाडी, दुसऱ्या बाजूला घरांची छपरं, आणि छपरं आपल्या पायांपेक्षा खाली. मी तिथे उभी राहून हेडफोनवर गाणं लावलं. जो म्हणतो, काल रात्रभर बांधावर बसून कण्हत होतो. खाली वाऱ्याला कुठेच अडसर नाही. पाच मिनिटांत थंडीने बोटं बधिर झाली आणि मी गाडीत येऊन बसले.

शोधक
२० जून, सकाळी ८:२०

दक्षिणायन, फार छान. मिनीबद्दल एक जोडतो. शिकागोत १९४२ च्या शेवटच्या रात्री ती ‘२३० क्लब’ नावाच्या जागी वाजवत होती. कवी लँग्स्टन ह्यूझ श्रोत्यांत होता आणि त्याने ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्रात त्यावर लिहिलं. मिनी चक्क आइसबॉक्सवर बसून इलेक्ट्रिक गिटार वाजवत होती. इलेक्ट्रिक गिटार, १९४२ मध्ये! झेपलिनच्या पोरांचा तेव्हा जन्मही व्हायचा होता. ब्लूज गायक बिग बिल ब्रून्झीने आत्मचरित्रात सांगितलंय की एका स्पर्धेत तिने त्याला हरवलं, बक्षीस होतं एक बाटली व्हिस्की आणि एक बाटली जिन.

पण मला बोलायचंय ते कॅन्सस जोबद्दल. झेपलिनने श्रेयनामावलीत चौघांसोबत मेम्फिस मिनीचं नाव छापलं. इतर काही ब्लूज गाण्यांवरून त्यांच्यावर दावे लागले, तडजोडी कराव्या लागल्या, इथे मात्र पहिल्यापासून नाव दिलं, हे चांगलंच. पण ज्याचा आवाज तबकडीवर आहे तो जो मॅकॉय त्यात नाही. मिनी आणि तो १९३५ च्या आसपास वेगळे झाले. नंतर तो ‘हार्लेम हॅमफॅट्‌स’ नावाच्या चमूत होता. त्याचंच एक जुनं गाणं त्याने नव्याने लिहिलं, ‘व्हाय डोन्ट यू डू राइट’. १९४१ ला लिल ग्रीनने गायलं, १९४२ ला बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात पेगी लीने, आणि पेगी ली त्यावर मोठी झाली. तुम्हीही ऐकलं असेल. लेखक म्हणून जोचं नाव किती जणांना माहीत आहे? १९५० मध्ये शिकागोत तो गेला, पंचेचाळिशीच्या आत. कबरीवर कित्येक वर्षं दगड नव्हता.

कॅसेटवाली
२० जून, सकाळी ११:००

माझं दार सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. १९९४ च्या सुमारास टीव्हीवर एनिग्माचं ‘रिटर्न टू इनोसन्स’ लागायचं, म्हातारा झाडाखाली पडतो आणि सगळं उलटं फिरतं तो व्हिडिओ. आमच्या कॉलनीत ती कॅसेट घरोघरी होती. त्यातला ड्रम म्हणजे बॉनमचा हाच ठेका, या गाण्यातून उचललेला! म्हणजे मिसिसिपीच्या पुराचं गाणं आमच्या घरात कोणाला न कळता शिरलं होतं. त्याच गाण्यातलं ते म्हाताऱ्या आवाजातलं गायन तैवानच्या आमिस जमातीच्या डिफांग आणि इगाय या जोडप्याचं. त्यांचंही नाव कॅसेटवर नव्हतं. त्यांनी दावा केला आणि १९९९ मध्ये तडजोड झाली. पुन्हा एक नवरा-बायको, आणि पुन्हा तेच.

हा ठेका बीस्टी बॉइजनी १९८६ मध्ये उचलला, ब्यॉर्कने ‘आर्मी ऑफ मी’मध्ये १९९५ ला, आणि २०१६ मध्ये बियॉन्सेने ‘डोन्ट हर्ट युअरसेल्फ’मध्ये. बियॉन्सेची आई लुइझियानाच्या वळणाच्या घरातली, आणि त्याच अल्बमच्या एका व्हिडिओत ती पुराच्या पाण्यात बुडणाऱ्या पोलिसगाडीवर उभी आहे. माझ्या मते तिथे हा ठेका फिरून आपल्या गावी आला.

मृदंगी
२० जून, सकाळी ११:२०

कॅसेटवाली, हे मला माहीत नव्हतं. आत्ता लावून बघितलं. तोच जिना!

बांधकामी
२० जून, दुपारी १२:४०

लुइझियाना आणि पुराचा विषय निघाला म्हणून तिथल्या न्यू ऑर्लिन्स शहराबद्दल. २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळात शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला, तेव्हा मिसिसिपी नदीचा बांध गेलेला नव्हता. गेल्या त्या शहरातल्या कालव्यांच्या काँक्रीटच्या पूरभिंती, सतराव्या रस्त्याचा कालवा, लंडन ॲव्हेन्यूचा कालवा वगैरे. काही ठिकाणी पाणी माथ्यापर्यंत चढायच्या आधीच भिंत पायातून सरकली. पुन्हा तेच, खालची माती. आणि १९२७ मध्ये याच शहराला वाचवायला २९ एप्रिलला खालच्या अंगाला कार्नार्व्हन इथे सुरुंग लावून बांध मुद्दाम फोडला होता. सेंट बर्नार्ड आणि प्लाकमिन्स परगण्यांतल्या गरिबांची घरं त्यात गेली. भरपाईचं वचन होतं, मिळालं ते नावापुरतं.

रेकॉर्डवाला
२० जून, दुपारी ४:१०

मंडळी, काल रात्री कपाट उपसलं आणि अनवट यांच्या ओळीचा पत्ता लागला. ती हरवलेली नाही.

बॉब डिलनचा ‘मॉडर्न टाइम्स’, २००६, म्हणजे कतरिनाच्या पुढच्याच वर्षीचा. त्यात ‘द लेव्हीज गॉना ब्रेक’ नावाचं गाणं आहे. पाऊस असाच पडत राहिला तर बांध जाणार, ही सुरुवात जोचीच. आणि पुढे एका कडव्यात डिलन म्हणतो, मी बांधावर रात्रंदिवस राबलो. दोनदा म्हणतो. चालही झेपलिनसारखी जड नाही, १९२९ सारखी पळती, पाय हलवणारी. पण अल्बमवर श्रेय फक्त डिलनचं. जोचं नाही आणि मिनीचंही नाही.

म्हणजे झेपलिनने नाव ठेवलं आणि ओळ गाळली. डिलनने ओळ ठेवली आणि नावं गाळली.

याच डिलनने २००१ मध्ये ‘हाय वॉटर’ केलं तेव्हा कंसात चार्ली पॅटनचं नाव घातलं होतं. तसं इथे का नाही, याचं मला वाईट वाटतं. त्याच्याबद्दल आदर आहे म्हणूनच वाटतं.

लाटालहर
२० जून, सायंकाळी ५:३०

हे वाचून थोडा वेळ गप्प बसले. मी काल ‘कडवी फिरतात’ म्हणाले ते फिरणाऱ्या लोकांमध्ये ठीक होतं. बील स्ट्रीटवर एकाचं कडवं दुसऱ्याने उचललं तर दोघांच्या खिशात दहा-दहाच सेंट. इथे तसं नाही. रेकॉर्डवाला, दोन्ही ओळींखाली माझी सही समजा.

जाता जाता, अ परफेक्ट सर्कल या बँडची आवृत्तीही ऐका, नोव्हेंबर २००४ ची. ड्रमचा तो डोंगर त्यांनी बाजूला ठेवला आणि अंगाईसारखं हळू केलं. मला ती पहाटे आवडते.

अनवट
२० जून, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. रेकॉर्डवाला, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच डिलन लावला. खरंच आहे, ती ओळ तिथे आहे, आणि आवाजही म्हाताऱ्या मजुराचाच.

तीन आठवडे मी मिनीचा तो भाग गिटारवर बसवतोय. तिने तारा ओपन जी मध्ये लावल्या आहेत, म्हणजे नुसत्या छेडल्या तरी सूर जुळलेला. सोपं वाटतं. पण जोची ओळ संपल्यावर हरकत घ्यायला जी जागा मिळते ती पापणी लवण्याइतकीच, आणि अंगठ्याने खालची तार चालू ठेवायची असते. माझा अंगठा थांबतो. तिचा तीन मिनिटांत एकदाही थांबत नाही. हात चालू ठेवायचं तेच काम, आता मला असं ऐकू येतं. बसलं की इथे रेकॉर्डिंग टाकेन.

खाडीकाठ
२१ जून, रात्री ८:४५

आज गावी आलोय. संध्याकाळी पडवीत आजीला जो-मिनीचं गाणं ऐकवलं. तिचं सगळं आयुष्य खाजणाच्या बांधाशेजारी गेलेलं. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री शंख फुंकायचे, आणि सगळा वाडा पेंढा, माती, टोपल्या घेऊन बांधावर. बायकासुद्धा. ज्याचं शेत नाही तोही यायचा. हे ती नेहमी सांगते.

इंग्रजी तिला कळत नाही, मी ओळीओळीने सांगत गेलो. तिने विचारलं, ‘खांड पडली का मग?’

म्हटलं, गाण्यात अजून नाही पडली. पाऊस पडतोय. तो रात्रंदिवस बांधावर माती टाकतोय.

‘एकटाच?’

म्हटलं, हो. तसंच म्हणतोय तो.

तिने गाणं परत लावायला सांगितलं.